चाळणीवर राहतं ते टाकू नका

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : गिरणीतून दळून आणलेली कणीक आई चाळते आणि कोंडा तुळशीच्या कुंडीत टाकते. त्या कोंड्यात खरंच काही असतं का?

उत्तर : भरपूर असतं. फेरुलिक आम्ल हे गव्हातलं महत्त्वाचं अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची हानी रोखायला मदत करणारं द्रव्य, आणि त्याचा बहुतेक साठा कोंड्यातच आहे. ते कोंड्यातल्या तंतूंना (फायबरला) घट्ट बांधलेलं असल्यामुळे लहान आतड्यात थोडंच सुटतं. बाकीचं मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा मोकळं होतं. म्हणून मला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-कॅप्सूलपेक्षा न चाळलेली कणीक मोलाची वाटते. न चाळता पोळी खरखरीत होते अशी आईंची तक्रार असेल, तर ती रास्त आहे. पाणी जरा जास्त घाला, कणीक अर्धा तास मुरू द्या. कोंडा भिजला की पोळी मऊ होते.

प्रश्न (ऐरोली) : नाचणीचं सत्त्व काढताना फडक्यावर तपकिरी चोथा उरतो. तो फेकायचाच ना?

उत्तर : तान्ह्या बाळासाठी सत्त्व करत असाल तर हो, त्याला ते मऊच हवं. मोठ्यांसाठी मात्र सत्त्व काढूच नका. नाचणीचं साल दाण्याला इतकं चिकटलेलं असतं की सहज सुटत नाही, आणि तिची पॉलिफेनॉल्स ही अँटिऑक्सिडंट मुख्यतः त्या सालातच असतात. तो तपकिरी रंग त्यांचाच. फडक्यावर राहिलेला चोथा म्हणजे हेच साल. अख्ख्या पिठाची भाकरी किंवा आंबील करा.

प्रश्न (ठाणे, जांभळी नाका) : भाताच्या तुसातही अँटिऑक्सिडंट असतात असं वाचलं. तूस दळून खावं का?

उत्तर : अजिबात नको. असतात हे खरं, पण तूस सिलिकाने भरलेलं असतं, ते पचत नाही. प्रयोगशाळेत त्याचा अर्क काढणं वेगळं. खायचा तो तुसाच्या आतला कोंडा.

प्रश्न (नेरूळ) : मुरबाडहून हातसडीचा तांदूळ पोत्याने येतो. काही महिन्यांत त्याला वास येतो. भेसळ असेल का?

उत्तर : भेसळ नाही, तेल खवट झालंय. सडताना दाण्याचा वरचा थर दुखावतो, कोंड्यातलं तेल आणि लायपेज हे विकर एकत्र येतात आणि तेल फुटायला लागतं. पॉलिशच्या तांदळात ते तेल जवळपास उरतच नाही, म्हणून तो टिकतो. पण तेलाबरोबर ओरायझॅनॉल आणि टोकोट्रायनॉल ही त्यातली अँटिऑक्सिडंटही जातात. आपल्याकडच्या दमट, उकाड्याच्या हवेत हातसडीचा साठा करू नये. गावाकडे साळच (तुसासकट भात) ठेवायला सांगा, लागेल तसा तांदूळ सडून आणा. घरी हवाबंद डब्यात, जमल्यास फ्रीजमध्ये ठेवा. खवट वास आलेला मात्र खाऊ नका.

प्रश्न (कोपरखैरणे) : माझं हिमोग्लोबिन कमी आहे. नाचणी बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. सालातली टॅनिन्स आणि फायटेट ही द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते शरीरात कमी शोषलं जातं, हे खरं आहे. नाचणीला मोड आणून दळा, त्याने ती कमी होतात. भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा घ्या, चहा तासभर लांब ठेवा. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी भाकरीच्या जेवणाबरोबर घेऊ नका.