कारच्या एसीचा ब्लोअर घरी साफ करता येतो का? हवा खूप कमी येते

हो, येतो की. पण आधी केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) बघा, बऱ्याच गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, काळा झाला असेल तर नवीनच टाका, अनेकदा तेवढ्यानेच हवा सुटते. नाहीच फरक पडला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, ब्लोअर मोटरचं (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या मोटरचं) वायरचं सॉकेट काढा, स्क्रू काढले की मोटर खाली येते. पाणी अजिबात मारू नका, पात्यांमधली धूळ जुन्या टूथब्रशने हळूहळू काढा आणि हो, पंख्यावर छोटी क्लिप दिसली तर ती बॅलन्ससाठी असते, काढली की ब्लोअर थरथरतो. ब्लोअर फक्त फुल स्पीडवरच चालत असेल तर मात्र बहुतेक रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग) गेलाय, साफ करून उपयोग नाही.