सही मागायला गेलेला मुलगा आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू

प्रश्न : माझा मुलगा लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महिनाभर झाला, फाशीची शिक्षा लागलेल्या एका कैद्यासाठी सह्या गोळा करत फिरतोय, म्हणतो आई पुरावा कच्चा आहे. परवा आमच्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला दारातच झापलं, "उद्या तुझ्या बहिणीवर वेळ आली तर येशील का सही मागायला?" पोरगा घरी आला तो जेवलाच नाही. ह्यांचं म्हणणं, आधी पेपर दे मग जग सुधार. मी कुणाच्या बाजूने बोलू तेच कळत नाहीये. – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, आधी त्याला जेवायला घाला. आणि काकूंवर रागावू नका, त्यांनी विचारलं ते चुकीचं नाहीच, फक्त त्याचं उत्तर त्यांना वाटतंय तसं नाहीये. मुलाला म्हणावं परत जा काकूंकडे, पण दारात कागद पुढे करू नको, आत बसून चहा घे आणि नाशिकची केस सांग.

जून २००३. नाशिकजवळ बेलतगव्हाण, शेतातली झोपडी. रात्री दरोडेखोर घुसले, पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. जखमी होऊन वाचली ती आई आणि तिचा मुलगा. दोन दिवसांनी त्या बाईला पोलिसांकडचा गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला आणि तिने चार फोटोंवर बोट ठेवलं, हेच ते म्हणून. तसं कागदावर आलंसुद्धा. आणि मग पकडले कोण, तर भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे भलतेच सहा जण. त्या चार जणांचा तपासच झाला नाही, आणि पुढे ओळख परेडमध्ये, कोर्टात हेच सहा जण ओळखले गेले. नाशिकच्या सेशन कोर्टाने २००६ ला सहाही जणांना फाशी ठोठावली, हायकोर्टाने तिघांची ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली, सरकार वर गेलं आणि एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सगळ्यांनाच फाशी. म्हणजे ज्याच्या वर देशात कोर्टच नाही त्याने शिक्कामोर्तब केलं. आणि त्याच सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ ला सांगितलं की या लोकांना खोटं गुंतवलंय, सोडा यांना, प्रत्येकी ५ लाख द्या आणि तपासात चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा. सोळा वर्षं गेली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे मागाहून सिद्ध झालं, म्हणजे कायद्याने त्याला फाशी देताच येत नव्हती!

आता काकूंना विचारायचं, तुम्ही म्हणता ती बहीण म्हणजे इथे ही वाचलेली बाई, तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? तिने बोट ठेवलं होतं ते चार फोटो फायलीत तसेच पडून राहिले. सहा जण लटकले असते तर केस बंद, मग त्या चौघांची आठवण कुणाला येणार होती. मला विचाराल तर चुकीच्या माणसाला फाशी म्हणजे त्या बाईची दुसऱ्यांदा फसवणूक.

बाकी परीक्षेचं म्हणाल तर मुलाच्या बाबांचंही बरोबर आहे. कँपेन संध्याकाळी, अभ्यास सकाळी, एवढं जमतं त्या वयात. आम्ही पण केलंय.

प्रश्न : तुमच्या या सह्यांनी नक्की होतं काय? जज सह्या बघून निकाल देतात का? उगाच पोरांचा वेळ फुकट. – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, कोर्टात सह्यांची किंमत शून्य, हे मी वकील असून कबूल करते, आणि तसंच असायला हवं, नाहीतर उद्या फाशी द्या म्हणणाऱ्यांच्या लाख सह्या येतील आणि त्यांचंही ऐकावं लागेल. सह्या चालतात ते दयेच्या अर्जाला, म्हणजे घटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांकडे आणि ७२ खाली राष्ट्रपतींकडे. पण तिथेही नुसत्या गठ्ठ्याने काही हलत नाही, सोबत कागद काय जोडलाय त्याला वजन असतं.

नाशिकचीच केस परत घेते. २०१२ ला चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, त्यात आपले पी. बी. सावंत होते, ए. पी. शहा होते. मुद्दा काय, तर सुप्रीम कोर्टाने स्वतःच २००९ ला मान्य केलंय की काही फाशीचे निकाल एका चुकीच्या जुन्या निकालावर टेकून दिले गेले, तर त्या निकालांतल्या तेरा जणांची फाशी रद्द करा. त्या तेरांत हे नाशिकचे सहा होते. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ते निर्दोष आहेत असं त्या पत्रांत कुठेच म्हटलेलं नव्हतं, फक्त शिक्षा देताना कायदा चुकला एवढंच. मग २०१४ ला नियम आला की फाशीच्या केसमधली रिव्ह्यू पिटीशन, म्हणजे सुप्रीम कोर्टाने आपलाच निकाल परत तपासावा असा अर्ज, तीन जजसमोर, उघड्या कोर्टात, वकिलाला बोलू देऊन ऐकायची. त्याआधी रिव्ह्यू म्हणजे जजसाहेबांनी चेंबरमध्ये कागद चाळले की झालं. या नियमामुळे यांची केस परत उघडली आणि तेव्हा कुठे त्या अल्बमवाल्या जबाबाकडे नीट बघितलं गेलं.

म्हणून मी पोरांना सांगते, माणूस निर्दोष आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही, तुमच्याकडे ना केस डायरी ना लॅब. तुम्ही वेळ मिळवा. फाशी लांबली तरच उद्या कुणाला तरी तो कागद सापडणार.

आणि काही लोक तर लॅबसुद्धा घरीच करतात, ते ऐका. जपानमधले इवाओ हाकामाता, बॉक्सर, मग मिसोच्या कारखान्यात कामाला. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची ती घट्ट पेस्ट, आपल्या लोणच्यासारखीच मुरवत ठेवतात. १९६६ ला मालकाच्या घरातल्या चौघांच्या खुनासाठी अटक, १९६८ ला फाशीची शिक्षा. पुरावा काय, तर घटनेनंतर चौदा महिन्यांनी मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे कपडे. त्यातली पँट त्यांना कोर्टात घालायला लावली तर ती वर चढेना, तरी शिक्षा कायम. पुढे त्यांच्यासाठी लढणाऱ्या लोकांनी काय केलं, रक्त लावलेले कपडे खरोखर मिसोमध्ये मुरवत ठेवले आणि बघितलं, रक्ताचा लाल रंग राहतच नाही, काळपट होतो. मग टाकीतल्या कपड्यांवरचे डाग लालसर कसे? सप्टेंबर २०२४ ला कोर्टाने सांगितलं, पुरावा बनावट, निर्दोष. तेव्हा ते ८८ वर्षांचे, आणि एवढी वर्षं भावासाठी भांडणारी बहीण हिदेको ९१ ची. मूळ निकाल देणाऱ्या तीन जजपैकी एकाने तर २००७ ला जाहीर सांगितलं होतं की मला तेव्हाही तो निर्दोषच वाटत होता, बाकी दोघांपुढे माझं चाललं नाही. तर सर, वेळ फुकट जातो की नाही ते मिसोवाल्यांना विचारायला हवं.

प्रश्न : आमच्या ग्रुपने पोस्टर केलंय, "निर्दोष माणसाला फाशी देणारं विकलं गेलेलं कोर्ट", खाली पूर्ण केस, सगळ्यांची नावं, फोटो. कडक झालंय. छापायला टाकू का? – विद्यार्थी, औरंगाबाद

उत्तर : थांब रे बाबा. निकाल चुकला असं तू खुशाल म्हण, तो तुझा हक्क आहे, पण जज विकले गेले म्हणालास की कोर्टाचा अवमान, आणि मग सगळी चर्चा तुझ्यावर, तो कैदी राहिला बाजूला. "निर्दोष" पण काढ, तुला काय माहीत? त्याऐवजी कुठला साक्षीदार काय बोलला होता आणि निकालात त्याचं काय झालं एवढं चार ओळींत लिही, वाचणारा स्वतःच थबकेल.

आणि नावं. बलात्काराची केस असेल तर पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल असं गावाचं किंवा घरच्यांचं नावसुद्धा छापणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तरीही. ती गेलेली असली तरी हाच कायदा. तिच्या घरचे लोक त्याच रस्त्याने जात-येत असतील, भिंतीवर तिचा फोटो बघून त्यांना काय वाटेल याचा ग्रुपमध्ये कुणीच विचार केला नाही का? नवीन पोस्टर झालं की मला पाठव, मग छापायला टाक.