‘प्रथिनभक्षक जाठररस’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की मासे आणि इतर जलचरांच्या पचनावर लिहिताना शीर्षकात प्रोटिएजला, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमला, ‘प्रथिनभक्षक जाठररस’ म्हटलं तर चालेल का. माझं मत विचाराल तर दोन्ही शब्द नकोत, आणि दुसरा तर अजिबातच नको.

आधी ‘भक्षक’. जो खातो तो भक्षक, पण एन्झाइम काही खात नाही हो, ते फक्त कापतं. ट्रिप्सिनचंच घ्या. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, त्यात लायसिन किंवा आर्जिनिन आलं की ट्रिप्सिन बरोबर त्याच्या पुढचा सांधा पकडतं, तिथे पाण्याचा एक रेणू फोडून त्याचा एक भाग इकडच्या टोकाला आणि दुसरा तिकडच्या टोकाला लावतं, माळ तुटते आणि हे जसंच्या तसं पुढच्या सांध्याकडे मोकळं. म्हणून ‘प्रथिनभंजक’ किंवा सरळ ‘प्रथिनं तोडणारं’ म्हणा. मला दुसरं जास्त आवडतं, वाचताना जीभ अडखळत नाही.

आता ‘जाठररस’. एक तर रस म्हणजे पाणी, आम्ल, श्लेष्मा सगळं मिळून, एन्झाइम हा त्यातला एक घटक. पण खरी गोची पुढेच आहे. रोहू, कटला, गवत्या या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं! मासा उघडून बघा, अन्ननलिका संपली की थेट आतडंच सुरू, मधे पिशवी नाहीच. त्यामुळे आम्ल नाही आणि पेप्सिन, म्हणजे जठरात प्रथिनं तोडणारं एन्झाइम, तेही नाही, अन्न चिरडायचं काम घशातले दात करतात आणि प्रथिनं तोडायचं काम ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन वगैरे मंडळी आतड्यातल्या अल्कधर्मी वातावरणात करतात. कोळंबीची गंमत उलटी, तिला जठर आहे (आणि तेही डोक्याकडच्या भागात), दळायला त्यात दातही आहेत, पण पेप्सिन नाही, पाचक एन्झाइमं येतात ती यकृत-स्वादुपिंड नावाच्या एकाच जोड-ग्रंथीतून. सामन, ट्राउटसारख्या जठरवाल्या माशांत मात्र पेप्सिन असतं, तिथे जाठररस शोभेल. सरसकट सगळ्यांसाठी ‘पाचक’ बरा.

बाय द वे, पेप्सिन हा शब्द वाटतो तितका परका नाही. थिओडोर श्वानने 1836 मध्ये ते शोधलं आणि नाव घेतलं ग्रीक ‘पेप्सिस’वरून, म्हणजे पचन. ते ‘पेप्’ आणि संस्कृतातला ‘पच्’ धातू एकाच मूळ धातूपासून निघालेत! म्हणजे आपलं पचणं, पाक, पक्व, इतकंच काय आंबा पिकतो त्यातलं पिकणंसुद्धा पेप्सिनचं चुलत भावंड, आणि पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, हा शब्दही त्याच घरातला. मग ‘पाचक पेप्सिन’ म्हणजे एकच गोष्ट दोनदा म्हटल्यासारखं होतं, पण चालतं, कुणाला कळत नाही 😄

राहिलं एन्झाइम की विकर. शाळेच्या पुस्तकांत ‘विकर’ रुळलंय, अनेकवचन ‘विकरे’, बोलताना ‘विकरं’. शब्द छोटा आहे, समास छान होतात, पण एक काना जास्त पडला की ‘पाचक विकार’ होतो आणि माशाला एकदम आजारच जडतो. मी स्वतः एकदा अख्खं टिपण ‘विकार’ लिहून पाठवलं होतं, तेव्हापासून पहिल्यांदा ‘विकर, म्हणजे एन्झाइम’ असं लिहितो आणि पुढे एन्झाइमच वापरतो. फक्त ‘एन्झाइम्स’ला विभक्ती लावायला गेलात तर ‘एन्झाइम्समुळे’ असलं काहीतरी होतं, त्यापेक्षा ‘एन्झाइमांमुळे’ लिहा.

तर तुमचं शीर्षक मी असं करीन: ‘जलचरांमधली प्रथिनं तोडणारी पाचक विकरं’. फक्त ‘जलचरांमधली’ हे प्रथिनांना लागतंय की विकरांना असा घोळ होतोय, म्हणून ‘प्रथिनं तोडणारी जलचरांची पाचक विकरं’ असं फिरवून घ्या.