स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना मिळणारी भेदभावाची वागणूक मोजायची कशी?

आपण लातूर जिल्ह्यातील गावांत समाजकार्याच्या प्रबंधासाठी हा विषय घेतला आहे, आणि गावकऱ्यांचा दृष्टिकोन तपासणारी प्रश्नावली भरून घेतली व रुग्णाच्या वतीने घरच्यांनीच उत्तरे दिली तर चालेल का, असे विचारले आहे. मी मराठवाड्यात घरोघरी जाऊन आरोग्यविषयक मुलाखती घेण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. त्या आधारे सांगते की या दोन्ही गोष्टी जरूर करा, परंतु भेदभाव मोजला असे त्यावरून म्हणू नका.

दृष्टिकोन आणि वागणूक यांत मोठे अंतर असते. ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’ या संस्थेच्या 2024 च्या जागतिक अहवालात सर्वसामान्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांनी स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचाच भाग असल्याचे मत दिले. हे मत वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, पण ‘वय झालं की असं व्हायचंच’ असे म्हणणारी सून सासऱ्यांना रोज आंघोळ घालून पारावर बसवून येते, आणि प्रश्नावलीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा शिकलेला मुलगा पाहुणे आले की वडिलांना आतल्या खोलीत बसवतो, हे दोन्ही आपल्याकडे घडते. दृष्टिकोनाच्या प्रश्नावलीतून माहिती किती पोहोचली ते समजते, एवढेच. म्हणूनच त्या अहवालासाठी स्मृतिभ्रंश असलेल्यांना स्वतंत्रपणे विचारले गेले, तेव्हा 88 टक्के जणांनी भेदभाव अनुभवल्याचे सांगितले; 2019 मध्ये हे प्रमाण 83 टक्के होते. अर्थात स्वतःहून पुढे येऊन भरलेल्या प्रश्नावलीतले हे आकडे निदान न झालेल्या गावकऱ्यांना लावता येणार नाहीत.

अनुभव मोजण्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘डिस्क’ (डिस्क्रिमिनेशन अँड स्टिग्मा स्केल) ही मोजपट्टी आपण पाहावी. ती मानसिक आजार असलेल्यांसाठी बनली. तिच्यात शेजार, कुटुंब, काम अशा एकेका क्षेत्रात अन्यायाची वागणूक मिळाली का, हे विचारून ‘अजिबात नाही’ ते ‘खूप’ अशा उत्तरांना 0 ते 3 गुण देतात आणि उदाहरणही सांगायला लावतात. भेदभावाच्या भीतीने माणसाने स्वतःच काय करणे सोडले, याचा त्यात वेगळा विभाग आहे, आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत उपयोगी तोच ठरेल. नोकरी, घरभाडे यांविषयीचे प्रश्न आपल्या उत्तरदात्यांना फारसे लागू होणार नाहीत. त्याऐवजी पंगतीतले ताट, सप्ताहातले भजन, लग्नातला मानपान, बटईच्या (वाट्याने शेती देण्याच्या) व्यवहारात विचारणे, जमिनीच्या फेरफाराच्या कागदावर न सांगता घेतलेला अंगठा असे प्रश्न घालावे लागतील. काळाची खूणही तारखेने न देता येळवशीसारख्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) सणाने द्या. ‘यंदा येळवशीला शेतात नेलं होतं का, आणि नसेल तर कोण काय म्हणालं’ या प्रश्नाचे उत्तर ‘गेल्या बारा महिन्यांत’ या शब्दांपेक्षा कितीतरी नेमके मिळते.

खरी अडचण मात्र ‘लागू नाही’ या रकान्यात आहे. ज्या आजीला वर्षभर कोणत्याच लग्नाला नेलेले नाही, तिला लग्नात कोणी टाकून बोलले का या प्रश्नावर मुलाखत घेणारा ‘लागू नाही’ अशी खूण करतो, सरासरी काढताना तो प्रश्न वगळला जातो, आणि सर्वांत जास्त तोडल्या गेलेल्या माणसाचा भेदभावाचा आकडा सर्वांत कमी येतो. यासाठी प्रत्येक क्षेत्राला आधी दोन प्रश्न जोडावेत: पूर्वी आपण तिथे जात होता का, आणि आता जात नसल्यास ते कोणी ठरवले, स्वतः, घरच्यांनी की गुडघ्यांनी? (गुडघेदुखी हे उत्तर फार वेळा येते आणि पुष्कळदा खरेही असते.) पूर्वी जाणे होते आणि ते दुसऱ्याने थांबवले, अशा उत्तरांची मोजदाद वेगळी दाखवा.

कारणही शेवटी विचारा. डेव्हिड विल्यम्स यांच्या 1997 च्या दैनंदिन भेदभावाच्या मोजपट्टीत आधी वागणूक आणि मग तिचे कारण विचारण्याची पद्धत आहे. ती येथे अत्यंत गरजेची आहे, कारण विधवा, भूमिहीन आणि विसराळू अशा बाईला हळदीकुंकवाला न बोलावण्यामागे विसरणे हे कारण असेलच असे नाही.

घरच्यांच्या उत्तरांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सौम्य आणि पुष्कळदा मध्यम अवस्थेतली व्यक्तीही आपल्याला कसे वागवले जाते हे सांगू शकते. नातवाचे नाव आठवत नसले तरी अपमान आठवतो. तिची मुलाखत सकाळी, थोडक्यात आणि एकांतात घ्या. ओसरीवर बसलात तर शेजारपाजार गोळा होऊन उत्तरे तोच देईल. घरच्यांचा अर्ज वेगळा भरून घ्या आणि दोन्ही उत्तरांतली तफावत हाच एक निष्कर्ष म्हणून मांडा. मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवणे हा कुटुंबाला लागलेला कलंक आहे. तो रुग्णाच्या खात्यात जमा करू नका. संमतीसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 99 वाचा, कारण अशा मुलाखतींसाठी रुग्णाची स्वतःची संमती घेण्याचे बंधन त्यात आहे.

मुलाखतींचा हंगामही विचारपूर्वक निवडा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यातच परततात, आणि तोवर म्हातारे माणूस घरी एकटे राहते. हा एकटेपणा पोटापाण्याच्या ओढीतून आलेला असतो. त्याला भेदभावात न धरता काळजी घेणारे माणूस घरी नसल्याची वेगळी नोंद करा आणि वागणुकीबद्दलचे प्रश्न कुटुंब परतल्यानंतर विचारा.