एकरकमी करारावर सही करण्याआधी

पत्राचा आशय : मुलगी १९ वर्षांची. गाते आणि चालीही बांधते. एक कंपनी ३ गाण्यांसाठी एकरकमी पैसे देतेय. आठवड्याला चार-पाच रात्री कार्यक्रम असतात, परतल्यावर कानात शिट्टी वाजते म्हणते. या क्षेत्रात जाऊ द्यावं का? – एक आई

नमस्कार ताई,

जरूर जाऊ द्या, पण आधी तिचे कान तपासून घ्या. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. याच आठवड्यात ऑडिओग्राम (ऐकण्याच्या क्षमतेची तपासणी) काढा, पुढे दरवर्षी. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त कापतात, गाणं बोदं ऐकू येतं आणि मग मुलं ते काढून ठेवतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात.

आता करार. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात : रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि तिचं ध्वनिमुद्रण. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी ओळ असेल तर दोन्ही हातचे जाऊ शकतात. मुलगी चाली बांधते म्हणून तिचं नुकसान निव्वळ गायिकेपेक्षा मोठं. ध्वनिमुद्रणाचे हक्क ठरावीक वर्षांपुरते द्यावेत, रचनेचे स्वतःकडे ठेवावेत. कंपनी अडून बसली तरी रचना सोडू नका, हे माझं ठाम मत आहे. रक्कम ‘अ‍ॅडव्हान्स’ असेल तर ती रॉयल्टीतून, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या तिच्या वाट्यातून, वळती होते. व्हिडिओ, जाहिरात, स्टुडिओ यांपैकी कोणता खर्च वळता होणार, किती मर्यादेपर्यंत, हिशेब दर ६ महिन्यांनी मिळणार का आणि तो तपासता येणार का, हे सगळं करारात हवं. वकील कंपनीनं सुचवलेला नको.

मित्रांबरोबर चाल बांधली तर त्याच दिवशी टक्केवारीचा कागद करून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं गाजल्यावर प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो. रचनेची नोंद हक्कसंस्थेत (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेत) करा आणि ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घ्या, नाहीतर जमा झालेले पैसे कुणाचे हे कळत नाही आणि ते पडून राहतात.

कार्यक्रमाचं मानधन ठरवताना समोरचा मंचावरचा दीड तासच मोजतो. तालीम, प्रवास, साउंडचेक, ताटकळणं धरून दहा तास होत असतील तर रकमेला दहानं भागा, मग खरा दर दिसेल. निम्मे पैसे आगाऊ घ्या. कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला तर किती मिळणार, तेही लिहून घ्या. ‘फुकट गा, ओळख होईल’ म्हणणाऱ्याला एकच विचारा : साउंडवाल्याला पैसे देताय ना?

आणि सलग पाच रात्री नकोत. दोन रात्रींनंतर एक मोकळी ठेवा. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तोवर तिनं कुजबुजूनही बोलू नये, त्यानं ताण वाढू शकतो.