रविवारचा रंग सोमवारवर ढकलू नका

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो की काटोल रोडवरच्या पुतण्याच्या पेंटबॉल (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या उडवायचा खेळ) मैदानावर रविवारी संध्याकाळी सामान धुण्याचं काम माझ्याकडे असतं. अठ्ठावीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत दाबाच्या हवेच्या लाइनी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दुरुस्त केले, त्यामुळे निवृत्तीनंतर पुतण्याला वाटलं, काका आयतेच सापडले. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की मिक्सरचे आणि कूलरच्या पंपाचे प्रश्न या वेळी मागे ठेवतो. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

*

काका, आम्ही सात मित्रांनी वर्गणी काढून दोन जुने मार्कर घेतले. खेळून आलो की जाम थकतो, बॅग तशीच पलंगाखाली जाते. पुढच्या रविवारी काढलं की गोळी बॅरलमध्येच फुटते. परवा पहिल्या पाचांपैकी तीन फुटल्या. विकणाऱ्याने फसवलं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

विकणाऱ्याला शिव्या द्यायची घाई नको. गोळी उडवायच्या यंत्राला तुम्ही मार्कर म्हणता हे बरं वाटलं. आमच्याकडे एखादा पोट्टा 'बंदूक द्या' म्हणाला की मी ऐकू न आल्यासारखं करतो.

पेंटबॉलची गोळी म्हणजे औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं कवच. व्यास ०.६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरहून किंचित जास्त. आत रंग घातलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं. बद्धकोष्ठाच्या औषधात जे देतात तेच हे. पाण्यात विरघळतं, म्हणून त्याच संध्याकाळी धुतलं तर दहा मिनिटांचं काम. पण एक गोळी बॅरलमध्ये फुटली आणि बॅग आठवडाभर पलंगाखाली राहिली, की तो चिकट रंग, कवचाचे तुकडे आणि मैदानाची धूळ यांची मिळून आत खरपुडी धरते. पुढची गोळी तिथे घासते आणि फुटते. तिच्या रंगात अडकून तिसरी. तुमच्या पाचांपैकी तीन अशाच गेल्या असणार.

पण पाण्याआधी गॅस. ही गोष्ट मी नव्या पोरांना तीनदा म्हणून दाखवायला लावतो. मास्क डोळ्यांवर राहू द्या, बॅरलवर कापडी टोपी चढवा, हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, उतरवा, मग गॅसची बॉटल सोडवा. बॉटल निघाली म्हणजे गॅस संपला असं नसतं. आत एखाद-दोन शॉटपुरता दाब अडकलेला असतो आणि कधी नळीच्या तोंडाशी एक गोळीही बसलेली असते. मार्कर जमिनीकडे धरून आवाज पूर्ण मरेपर्यंत ट्रिगर दाबा. त्यानंतर मास्क काढा.

बॉटल सोडवताना अख्खी बॉटल फिरतेय, की तिच्या तोंडातला व्हॉल्व्हच बॉटलमधून सुटतोय, हे नुसतं बघून कळत नाही. व्हॉल्व्ह सुटला तर बॉटल रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत यात माणसं गेली आहेत. म्हणून मी प्रत्येक बॉटलवर नेलपॉलिशची एक उभी रेष ओढतो, अर्धी व्हॉल्व्हवर, अर्धी बॉटलवर. (काकूंची लाल बाटली या कामात संपली, तिचा हिशेब अजून बाकी आहे.) फिरवताना रेषेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, की तिथेच हात थांबवायचा आणि जाणकाराला बोलवायचं.

आता धुणं. बॅरलचे आटे सोडवून ती वेगळी करा आणि कोमट पाण्याखाली धरा. उकळतं नको. मग स्क्विजी, म्हणजे बॅरल आतून पुसायचं साधन, मागून पुढे ओढा. स्क्विजी नसेल तर जुन्या मलमलीच्या ओढणीची पट्टी दोरीला बांधा, तीही चालते. शेवटी कोरडी पट्टी फिरवा आणि बॅरल ट्यूबलाइटकडे धरून आत बघा. उजेडाची गोल कडी कुठे तुटलेली दिसली की तिथे खरपुडी आहे, पुन्हा ओढा. तुमच्या दोन्ही बॅरल आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजत टाका, आठवड्याची पापुद्री तेव्हाच सुटेल. साधा हॉपर नळाखाली धुवा. बॅटरीवाला असेल तर बॅटरी काढून ओल्या फडक्याने पुसा, बुडवू नका.

मार्करच्या धडावर नळ सोडायचा नाही. तोंडाशी आणि बोल्टवर (गोळी पुढे ढकलणारा आतला दांडा) ओलसर चिंधी, सांदीत कान साफ करायच्या काड्या. दर वेळी अख्खा मार्कर उघडायची हौसही नको. जुन्या साध्या मार्करचं धड दोन फाकांचं असतं. ॲलन की फिरवली की स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते आणि मग चार इंजिनिअर फरशीवर टॉर्च घेऊन पालथे. बोल्ट अडखळायला लागला तरच उघडा, आणि पहिला स्क्रू काढण्याआधी फोटो काढा.

तेलाबाबत माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी शहाणपण करून मी सहा मार्करना गंज सोडवायचा स्प्रे मारला. मशीनवर इतकी वर्षं हेच केलेलं. दोन आठवड्यांत ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) फुगल्या, बोल्ट जड झाले आणि त्या ओशट थरावर काटोल रोडची धूळ अशी बसली की पुरणपोळी पिठात घोळवावी तशी. पुतण्या काही बोलला नाही. ओ-रिंगांचं बिल तेवढं माझ्या चहाच्या कपाखाली ठेवून गेला. तेव्हापासून फक्त मार्करसाठीचं तेल. बॉटल जिथे लागते त्या तोंडात तीन-चार थेंब, मग बॉटल लावून, मास्क घालून, गोळ्यांशिवाय आठ-दहा शॉट, म्हणजे तेल आतपर्यंत पोचतं. इलेक्ट्रॉनिक मार्करला मात्र तेल नको, कंपनी सांगेल ते ग्रीस.

बॉटलच्या तोंडाशी फुस्स आवाज येत असेल तर तिथली ओ-रिंग गेली. माप ०१५. दुकानदार काळी नायट्राइलची हातात ठेवेल, ती घेऊ नका. बॉटलमधला कार्बन डायऑक्साइड तिच्यात शिरतो आणि दाब सुटला की ती फुगून फाटते. पॉलियुरेथेनची मागा. न्यूमॅटिक फिटिंग विकणाऱ्यांकडे मिळते.

*

मुलाच्या वाढदिवसाला दहा-बारा मुलं खेळून आली, सगळ्यांचे शर्ट केशरी. आमच्या घरचे म्हणतात, रंग आहे तर टर्पेंटाइन लाव. लावू का? (मनीषनगर)

नका लावू, ताई. गार पाण्यात तासभर भिजवा, मग नेहमीची पावडर. पांढऱ्या सुती शर्टावर थोडी छटा राहिली तर ती दुसऱ्या धुण्यात जाईल.

तुमच्या घरच्यांना मात्र हसू नका. त्यांचा सल्ला चाळीसेक वर्षं उशिरा आला, एवढंच. हा खेळ पहिल्यांदा २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जण खेळले. त्यांच्या हातात होतं ते जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर खूण करायचं पिस्तूल, नेल-स्पॉट ००७. झाडावरची खूण पावसात टिकायला हवी, म्हणून त्या गोळ्यांत तेलरंग असायचा आणि खेळून झालं की खरोखर टर्पेंटाइननेच अंग पुसावं लागायचं. पाण्याने जाणाऱ्या गोळ्या नंतर आल्या.

*

माझा स्वतःचा दुहेरी काचेचा मास्क आहे. घाम आणि रंगामुळे वास यायला लागला म्हणून बादलीत सर्फ घालून रात्रभर भिजवला. आता दोन काचांच्या मधे वाफ धरते आणि ती आतून पुसताच येत नाही. उन्हात ठेवला तर जाईल का? (धरमपेठ)

उन्हात नको. आपल्याकडच्या उन्हात फोम कडक होऊन सुटायला लागेल आणि वाफेचं काही व्हायचं नाही.

दुहेरी लेन्समध्ये दोन पापुद्र्यांच्या मधे बंद हवा असते, कडेने पातळ फोमची पट्टी. त्या हवेमुळेच आतली काच थंड पडत नाही आणि तुमच्या श्वासाची वाफ धरत नाही. रात्रभर भिजवल्यावर पाणी त्या पट्टीतून आत झिरपलं. लेन्स काढून पंख्याखाली, सावलीत, चार-पाच दिवस उभी ठेवून बघा. कधी कधी सुटते. आत पांढरे डाग राहिले तर नवी लेन्स घ्या. पैसे जातील, पण धुकट काचेआडून खेळणारा माणूस पाच मिनिटांत मास्क वर करतो, आणि समोरून येणारी गोळी सेकंदाला ९० मीटरच्या आसपास असते. या खेळात डोळा जातो तो असाच.

पुढच्या वेळी आधी लेन्स वेगळी करा. मास्कचा सांगाडा, पट्टा आणि फोम साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वास जातो. लेन्सला साबण नको, बादली नको. ओलसर मायक्रोफायबरने आधी रंग भिजवून उचला, घासू नका. वाळलेल्या रंगात धूळ असते आणि ती सँडपेपरचं काम करते. आतल्या बाजूला वाफ न धरणारा थर दिलेला असतो, तिथे बोट लागलं तरी तो खराब होतो. पेंचचं नळाचं पाणी चालेल. बोअरचं असेल तर आरओचं वाटीभर घ्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, ते काढायला माणूस घासतो आणि ओरखडे पाडतो.

काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. ही काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे. आमच्याकडच्या एका पोराने रंगाचा हट्टी डाग थिनरने पुसला. दुसऱ्या मिनिटाला लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. दिसायला क्षुल्लक, पण तशी लेन्स मारा सहन करत नाही. मी ती सगळ्यांसमोर हातोडीने फोडली. अगदी जवळून थेट गोळी बसलेली लेन्सही मी परत वापरत नाही, आणि बाकीच्या वर्षाला बदलतो.

*

उन्हाळी शिबिरातून सहाशेक गोळ्या उरल्या. वितळू नयेत म्हणून कूलरच्या झोतासमोर ठेवल्या, नंतर फ्रिजमध्ये. आता काही एकमेकींना चिकटल्या आहेत, काही अंड्यासारख्या लांबट दिसतात. धुऊन, वाळवून वापरता येतील का? (उमरेड रोड)

धुऊन? अहो भाऊ, जिलेटिनला पाणी लावणार!

नागपूरकराला उन्हाळ्यात कूलर म्हणजे देवच, पण तो थंडावा देतो तो हवेत पाणी मिसळून. खसमधून गार झालेली ती ओली हवा जिलेटिन शोषून घेतं, गोळी फुगते, मऊ पडते आणि शेजारणीला चिकटते. मग तुम्ही ती फ्रिजमध्ये टाकली. बाहेर काढताक्षणी तिच्यावर दव धरलं. राहिली कसर तिथे भरून निघाली.

फुगलेली गोळी परत आकसत नाही. खात्री करायची तर बॅरल काढून मागच्या तोंडात एकेक गोळी ठेवा. आपोआप घरंगळू नये, पण हलकी फुंकर मारली की सरकून बाहेर पडावी. तुमच्या अडकतील. अडकलेली मार्करमध्ये घालू नका, पहिल्या प्रश्नातल्या पोरांसारखी गत होईल. टाकताना उकिरड्यावरही ओतू नका. कुत्र्यांना गोडसर लागतात आणि बऱ्याच खाल्ल्या तर त्यांच्या जिवावर बेततं. पिशवी बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.

पुढच्या वेळी घट्ट झाकणाचा डबा, कूलर नसलेली आतली अंधारी खोली, आणि दोन दिवसांनी डबा हलकेच पालथा-सुलटा करायचा म्हणजे एका बाजूने चपट्या होत नाहीत. एसीची खोली असेल तर उत्तम. कडक व्हाव्यात म्हणून फ्रीझरमध्ये ठेवणारे महाभागही आहेत. त्या ठिसूळ होऊन वाकड्या जातात, आणि एखादी न फुटता अंगावर बसली तर डाग रंगाचा नसतो. मे महिन्यात हिशेबानेच आणा, उरतील इतक्या आणूच नका.

*

कार्बन डायऑक्साइडची भरलेली बॉटल गाडीच्या डिकीत राहून गेली. दुपारभर गाडी उन्हात होती. संध्याकाळी लक्षात आलं. काही झालं नाही, तरी विचारतो. (वर्ध्याला रोज ये-जा करणारा वाचक)

या बॉटलमध्ये गॅस द्रवरूपात असतो. २१ अंशांना आतला दाब साधारण ८५० पीएसआय. तुमच्या गाडीच्या चाकात तीस-पस्तीस असतात. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही आणि भरलेल्या बॉटलमध्ये दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे ३१ अंश म्हणजे मार्चमधली सकाळ. मेमध्ये बाहेर ४५ असताना बंद डिकीत काय होत असेल, ते तुम्हीच बघा. बॉटल फुटू नये म्हणून व्हॉल्व्हवर तांब्याची पातळ चकती असते, दाब चढला की आधी ती फुटते. तुमची फुटली नाही, नशीब. फुटली असती तर मोठा आवाज आणि बंद गाडीत श्वास कोंडणारा गॅस, तोही तुम्ही हायवेवर असताना.

गंमत बघा. गॅस सिलिंडरचे नियम सांभाळणाऱ्या पेसो या केंद्राच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. देशभरातले सिलिंडरवाले फायली घेऊन नागपूरला येतात आणि आपण नागपूरकर बॉटल डिकीत टाकून वर्ध्याला निघतो.

पुन्हा असं झालं तर चारही दारं उघडा, माणसं लांब करा आणि बॉटल थंड होईपर्यंत हात लावू नका. घाईने व्हॉल्व्ह दाबून गॅस सोडायला जाऊ नका, बोटं भाजतील, थंडीने. निवल्यावर ती सावलीत आणा आणि तिच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर भरून देणाऱ्याने नाही म्हटलं पाहिजे. तो हो म्हणत असेल तर दुकान बदला. तारीख ठीक असली तरी लगेच मार्करला लावू नका. आधी नेलपॉलिशची रेष जुळते का बघा. रेष नसेलच, तर ओढून घ्या.