बिल्डनंतर बदललेले मूल्य संकेतस्थळापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न : येथील एका नमकीनच्या दुकानासाठी मी व्हीट (कोडपासून ब्राउझरसाठी फाइली तयार करणारे साधन) वापरून ऑर्डर घेणारे संकेतस्थळ तयार केले आहे. बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हरवर ऑर्डर हाताळणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर सिस्टिममध्ये नावाने ठेवलेल्या मूल्यातून) घेतला. विंडोजवर 'सेटएक्स' ही व्हेरिएबल कायमचे नोंदवणारी आज्ञा देऊन त्याच खिडकीत बिल्ड केले, म्हणजे कोडपासून अंतिम फाइली बनवल्या, तेव्हा मूल्य 'अनडिफाइन्ड' आले. दुसऱ्या दिवशी मात्र ते आपोआप मिळाले. आता लिनक्स सर्व्हरवर पत्ता बदलून एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केले, तरी ऑर्डर चाचणीच्या जुन्या पत्त्यावरच जातात. पेमेंट गेटवेची गुप्त किल्लीही अशाच व्हेरिएबलमध्ये ठेवावी का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दुकानदाराचे पैसे गुंतलेले आहेत. ती किल्ली तेथे मुळीच ठेवू नये. बिल्ड करताना व्हीट कोडमध्ये जेथे जेथे त्या व्हेरिएबलचा उल्लेख असेल, तेथे तेथे त्याचे त्या क्षणाचे मूल्य लिहून टाकते, आणि त्यातून तयार झालेली जावास्क्रिप्ट फाइल प्रत्येक ग्राहकाच्या मोबाइलवर उतरते. डेव्हलपर टूल्स उघडता येणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. नावाच्या आरंभी मोठ्या लिपीत 'व्हीट' आणि अंडरस्कोर असल्याखेरीज व्हीट ते व्हेरिएबल ब्राउझरच्या कोडला देत नाही, ही अट हाच धोका टाळण्यासाठी आहे. गुप्त किल्ली बॅकएंडच्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) द्यावी आणि गेटवेशी व्यवहारही बॅकएंडनेच करावा.

सर्व्हरवरचा बदल का लागू झाला नाही, हेही यातूनच स्पष्ट होते. एनजिनएक्स केवळ तयार फाइली वाटते. त्या फाइलींत पत्ता छापून झालेला आहे, आणि वाटलेल्या निमंत्रणपत्रिकेतील कार्यालयाचे नाव मागाहून घरच्या वहीत खोडून बदलत नाही. खात्री करायची असल्यास बिल्डमधून तयार झालेल्या 'डिस्ट' फोल्डरातील 'असेट्स'मध्ये जाऊन ग्रेप या शोध-आज्ञेने जुना पत्ता शोधावा; तो तेथे अक्षरशः सापडेल. हिरोकू या क्लाउड कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' तत्त्वांत कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याचा सल्ला आहे, परंतु तो चालू असलेल्या प्रोसेसला उद्देशून आहे, ब्राउझरात उतरलेल्या फाइलीला नव्हे. एकच बिल्ड चाचणीसाठी आणि प्रत्यक्ष वापरासाठी न्यायचे असेल, तर पान उघडताच एक छोटी जेसॉन (साध्या मजकुरात माहिती ठेवणारी) फाइल वाचून पत्ता घेण्याची सोय करता येते. एका दुकानासाठी मात्र हा खटाटोप मला अनाठायी वाटतो. नवे मूल्य देऊन पुन्हा बिल्ड करावे आणि फाइली चढवाव्यात, एवढे पुरे.

'सेटएक्स'चा घोळ वेगळा आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून चालत आलेली रीत अशी, की प्रत्येक प्रोसेसला सुरू होताना तिच्या पालक प्रोसेसकडून व्हेरिएबल्सची प्रत मिळते, आणि मागाहून अन्यत्र झालेले बदल त्या प्रतीत उमटत नाहीत. विंडोजमध्येही हेच घडते. 'सेटएक्स' मूल्य रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, नोंदवते, पण ते उघड्या असलेल्या खिडकीला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आपण नवी खिडकी उघडली, म्हणून ते मिळाले. व्हीएस कोड या एडिटरमधील टर्मिनल वापरत असाल तर केवळ टर्मिनल नव्हे, व्हीएस कोडच पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

याच 'सेटएक्स'मुळे पुढे आणखी एक अडचण संभवते. प्रकल्पातील व्हेरिएबल्स लिहून ठेवण्याच्या डॉट-ई-एन-व्ही (.env) फाइलीतील मूल्य आणि सिस्टिममध्ये आधीपासून असलेले मूल्य यांत विरोध आला, तर व्हीट सिस्टिमचे मूल्य मानते. म्हणजे आज कायमचा नोंदवलेला चाचणीचा पत्ता उद्या फाइलीत कितीही दुरुस्ती केली तरी बिल्डमध्ये येत राहील. तेव्हा विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत जाऊन ती नोंद काढून टाकावी, पत्ता प्रकल्पातील फाइलीतच ठेवावा आणि नव्या टर्मिनलमधून बिल्ड करावे.